कोणाकोणाला सलाम सांगावा?





चांदे-नांदे परिसरातील आपल्या लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत या वेळी एक साधा प्रश्न चर्चेला ठेवला होता : आपल्या धर्मग्रामातले आपल्याला काय आवडते? तक्रारी सांगा म्हटले असते तर वेळ पुरला नसता. ध्वनिक्षेपक खरखरतो इथपासून प्रवचन लांबते इथपर्यंत सर्व काही आपल्या जिभेवर तयार असते. पण 'आवडते काय?' असे विचारल्यावर थोडा वेळ कोणीच बोलेना. मग हळूहळू उत्तरे येऊ लागली. मिस्सा वेळेवर सुरू होते. गायनवृंद चांगला आहे. मुलांचे धर्मशिक्षण नियमित चालते. नाताळचा गोठा सुरेख असतो. गाडी लावायला जागा मिळते.

ही उत्तरे खरी आहेत आणि ज्यांच्या कष्टाने या गोष्टी घडतात त्यांना ती ऐकून समाधानच वाटेल. तरीही आपण स्वतःला विचारले पाहिजे : एखाद्या चांगल्या शाळेविषयी किंवा मंगल कार्यालयाविषयी आपण याहून वेगळे काय सांगितले असते? वेळ, गाणे, सजावट, वाहनतळ. मिळालेल्या सोयींची ही यादी आहे. ती वाचून कोणी विचारील, तुम्ही या देवळाची लेकरे आहात की गिऱ्हाईक?

त्याच बैठकीत एका आजींनी मात्र वेगळे उत्तर दिले. नगरकडचे आपले गाव सोडून त्या मुलाकडे इकडे राहायला आल्या आहेत. त्या म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगीत मला कोणी नावानं ओळखत नाही. लिफ्टमध्ये भेटली तर चारशे दोनवाल्या आजी, नाहीतर पिंकीची आजी. देवळात मला माझ्या नावानं हाक मारतात. ते मला आवडतं." एवढे बोलून त्या गप्प बसल्या. बैठकही जरा वेळ गप्पच झाली.

या आजींनी नकळत संत पौलाच्या एका अध्यायावर भाष्य केले असे आम्हांला वाटते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय आपण रविवारी जवळजवळ ऐकतच नाही. त्याच्या शेवटच्या तीन ओळी तेवढ्या तीन वर्षांतून एकदा आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी वाचल्या जातात. नावांची यादी येते ती दोन वर्षांतून एकदा, सामान्य काळातील ३१ व्या आठवड्याच्या शनिवारी, आणि तीही संपूर्ण नाही. (वाचन करणाऱ्यांच्या दृष्टीने हे बरेच झाले म्हणायचे, ती ग्रीक नावे उच्चारताना भल्याभल्यांची बोबडी वळते.) पत्राच्या आधीच्या पंधरा अध्यायांत पाप, कृपा, श्रद्धा, तारण अशा गहन विषयांवर पौल बोलतो. आणि मग शेवटी काय करतो? चोवीस माणसांची नावे घेऊन त्यांना सलाम सांगा म्हणतो. शिवाय रूफची आई आणि नीरियाची बहीण यांनाही तो विसरत नाही. इ. स. ५७ च्या सुमारास त्याने हे पत्र लिहिले तेव्हा त्याने रोमचे देऊळ पाहिलेले नव्हते. खरे तर तिथे देऊळच नव्हते! श्रद्धावंत एकमेकांच्या घरी जमत असत. वाखाणायला इमारत नव्हती, गायनवृंद त्याने ऐकलेला नव्हता. त्याला ठाऊक होती ती फक्त माणसे.

आणि प्रत्येकाविषयी तो काय सांगतो ते पाहा. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या कुळातला, किती श्रीमंत हे तो सांगत नाही. कोणी काय केले ते सांगतो. अमक्याने माझ्यासाठी जीव धोक्यात घातला. अमके माझ्याबरोबर तुरुंगात होते. रूफची आई मलाही आईसारखी झाली. मरीया, त्रुफैना, त्रुफासा आणि पर्सिस या चौघींनी प्रभूसाठी फार श्रम केले. इथे पौलाने जो ग्रीक शब्द वापरला आहे त्याचा अर्थ अंग मोडेपर्यंत राबणे असा आहे, आणि या अध्यायात तो शब्द त्याने फक्त या चार स्त्रियांसाठी वापरला आहे. पुरुषांपैकी एकाच्याही वाट्याला तो आलेला नाही. मिस्सेनंतर देवळात झाडू कोणाच्या हातात असतो हे आठवून पाहावे, म्हणजे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

यादीत पहिले नाव प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याचे आहे. तंबू तयार करण्याचा त्यांचा धंदा. इ. स. ४९ च्या सुमारास क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोममधून घालवून दिले तेव्हा ती दोघे करिंथला आली. तिथे पौल त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर त्याने तंबूंचे काम केले. पुढे ती दोघे इफिसला गेली आणि नंतर पुन्हा रोमला. तीन शहरे, तीन बिऱ्हाडे. इफिसला आणि रोमला त्यांच्याच घरात ख्रिस्तसभा भरत असे. 'आम्ही इथे कायमचे थोडेच राहणार आहोत' असे म्हणून ती दोघे बाजूला बसली नाहीत.

बंधुभगिनींनो, आपल्या परिसराला हे जोडपे फार जवळचे आहे. काही वर्षांपूर्वी चांदे म्हटले की भातखाचरे आणि सभोवतालचे डोंगर एवढेच डोळ्यांपुढे येई. हिंजवडी-माणची कंपनी, लवळ्याचे विद्यापीठ आणि या गावांत उभ्या राहिलेल्या इमारती यांमुळे आपण इथे येऊन पोहोचलो. आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ देऊळ दुसरीकडेच आहे : कोणाचे वसईला, कोणाचे श्रीरामपूर-राहुरीकडे, कोणाचे गोव्यात, कोणाचे मंगळूरला वा केरळात. कंपनी बदलली की उद्या आपण आणखी कुठे जाऊ ते आपल्यालाही ठाऊक नसते. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला की मनही अकरा महिन्यांचे होऊन जाते.

पण पुण्याची ख्रिस्तसभा परगावच्या माणसांनीच उभी केली आहे. पेशव्यांच्या लष्करात गोव्याकडचे कॅथलिक सैनिक होते. सवाई माधवरावांच्या काळात त्यांना जागा मिळाली आणि १७९२ साली पुण्यातील पहिले कॅथलिक देऊळ झाले, तेच आज नाना पेठेत असलेले सिटी चर्च. ते शिपाई आपापले गाव सोडून चाकरीसाठी आले होते, जसे आपण आलो आहोत.

नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्तसभेचा इतिहासही डोळ्यांसमोर आणावा. तिथे जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी काम केले. त्यांच्यापैकी फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' हे मासिक सुरू केले आणि १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. जर्मन म्हणजे इंग्रज सरकारचे शत्रू! या धर्मगुरूंना नजरकैदेत ठेवण्यात आले आणि पुढे मायदेशी धाडण्यात आले. बिशप डोरिंग यांनाही आपल्या लोकांत राहता आले नाही. १९२१ साली त्यांची नेमणूक जपानमध्ये हिरोशिमा येथे झाली आणि थेट १९२७ साली ते पुन्हा पुण्याचे बिशप म्हणून परतले. या काळात गावोगाव धर्मगुरूंची वाण पडली. तरी श्रद्धा विझली नाही. ज्यांना आपण गावाकडे 'मास्तर' म्हणतो त्या धर्मशिक्षकांनी आणि रोज संध्याकाळी दिव्याजवळ लेकरांना रोझरी म्हणायला लावणाऱ्या आयाबायांनी ती सांभाळली. बिशपांचे नाव इतिहासात आहे, ते असलेच पाहिजे. पण त्या मास्तरांची आणि बायांची नावे कुठे लिहिलेली आहेत? आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबा-पणजींचीच ती नावे असतील आणि आपल्यालाही ती सांगता येणार नाहीत. पौलाची यादी का मोलाची, ते इथे समजते.

आता जरा अवघड विषयाकडे वळू.

रविवारी मिस्सा संपल्यावर आवारात उभे राहून पाहावे. गोवेकरांचे एक कडे, केरळच्या बांधवांचे दुसरे, वसईकरांचे तिसरे, नगरकडच्या मंडळींचे चौथे. झारखंड-ओडिशातून बांधकामावर आलेले तरुण मागच्या बाकावर बसतात आणि शेवटचे गीत संपण्याआधी फाटकाबाहेर गेलेले असतात. आपल्या बोलीत दोन शब्द बोलावेसे वाटणे हा दोष नाही. आठवडाभर परक्या भाषेत वागून जीव शिणलेला असतो. परंतु मिस्सेत शांतीचा सलाम करताना आपण शेजाऱ्याला हात जोडतो आणि वीस मिनिटांनी तोच शेजारी आपल्याजवळून अनोळखी माणसासारखा निघून जातो, तेव्हा त्या हात जोडण्याचा अर्थ काय उरतो?

याहूनही खोल एक गोष्ट आहे. नवीन कुटुंब आले की आपण विचारतो, "गाव कुठलं? आडनाव काय?" बहुतेक वेळा हा प्रश्न प्रेमाचाच असतो. पण काही वेळा त्या प्रश्नाआड दुसराच प्रश्न लपलेला असतो, आणि ज्याला विचारले त्याला तो बरोबर ऐकू येतो. ज्यांच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले गेले त्यांचे कान या बाबतीत फार तयार झालेले असतात. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती बांधवांविषयीचे आपले धोरण जाहीर केले आणि जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे सांगितले. धोरणाची गरज का पडली? हा भेद देवळाच्या उंबऱ्याबाहेर राहिलेला नाही म्हणूनच ना?

रोमच्या श्रद्धावंतांचेही काही फार जुळत नव्हते. मांस खावे की नुसती भाजी, अमुक दिवस पाळावा की न पाळावा, यावरून त्यांच्यात धुसफूस होती. पौलाने चौदाव्या अध्यायात त्यासाठी त्यांची कानउघाडणी केली आहे. ते एका ठिकाणी जमतही नसत. यादी नीट वाचली तर निरनिराळ्या घरी जमणारे निदान चार-पाच गट दिसतात. यादीतील काही नावे यहुदी, काही ग्रीक, काही लॅटिन, आणि अंप्लियातासारखी काही नावे त्या काळी गुलामांना ठेवली जात. खुद्द पत्र लिहून घेणाऱ्याचे नाव तर्तियस, म्हणजे 'तिसरा'. शेवटी क्वार्त नावाचा एक बंधू येतो, म्हणजे 'चौथा'. मालकाने मोजून ठेवलेली नावे असावीत अशी! पौलाने या सर्वांना एकाच यादीत, कोणताही वेगळा रकाना न करता, बसवले.

आणि तो 'माझा तुम्हांला सलाम' एवढेच लिहून थांबत नाही. 'तुम्ही अमक्याला सलाम सांगा' असे सांगतो. म्हणजे ज्या घरात हे पत्र वाचले गेले तिथल्या माणसांना उठून दुसऱ्या गटाच्या घरी जावे लागले असणार. भाजी खाणाऱ्याला मांस खाणाऱ्याच्या दारी, मालकाला गुलामाच्या दारी. बसल्या जागेवरून तो सलाम पोहोचवता येण्याजोगा नव्हता.

भाषेच्या कुरबुरीविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण मराठी मिस्सेची वेळ कोणती आणि इंग्रजीची कोणती हा विषय आपल्याकडे दर वर्षी निघतो. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेत ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी त्यांना दटावले नाही. सात जण निवडून वाटपाचे काम त्यांच्याकडे सोपवले, आणि स्तेफन, फिलिप यांच्यासह त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती किल्ल्या दिल्या! प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय घरी काढून वाचावा आणि मगच पुढच्या वेळापत्रकाच्या बैठकीला यावे, ही नम्र विनंती.

तर आपल्या धर्मग्रामातले आपल्याला काय आवडते? पौलाच्या रीतीने उत्तर द्यायचे तर नाव आणि काम सांगावे लागेल. आजारी माणसाकडे ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्या सिस्टरांना पावसाळ्यात स्कूटरवरून आणणारा कोण? कोणाच्या घरी मयत झाली तर पहिला चहा कोणाच्या घरून येतो? धर्मशिक्षणाला न येणाऱ्या पोराच्या घरी जाऊन बसणारी बाई कोण? ही माणसे आपल्याला ठाऊक असतात. आपण त्यांना कधी तसे सांगितलेले मात्र नसते.

देवळाच्या मागच्या टेबलावर आजपासून एक वही ठेवली आहे. ज्या व्यक्तीविषयी आपण देवाचे आभार मानतो तिचे नाव आणि तिचे काम तिच्यात लिहावे, मराठी, इंग्रजी, मल्याळम, कोंकणी, कोणत्याही भाषेत. शक्यतो आपल्या कड्याबाहेरच्या माणसाचे नाव लिहावे. नाव ठाऊक नसेल तर आधी जाऊन विचारून यावे. दर रविवारी त्यातली काही नावे श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत वाचली जातील. आडनाव लिहिण्याची गरज नाही.