शंकासमाधान : रडलं तर पाप लागतं का?

या खेपेच्या टपालात चार पत्रं एकाच वळणाची निघाली. इतर शंका (एकादशीला साबुदाणा चालतो का, उत्तरेकडे पाय करून झोपावं का) पुढच्या अंकासाठी ठेवतो. त्यांना घाई नाही.

प्रश्न : माझा थोरला मुलगा आठ महिन्यांपूर्वी अपघातात गेला. घरी गरुडपुराण लावलं होतं. सांगणारे काका म्हणाले, नातलग रडले की ते अश्रू मृताला प्यावे लागतात, तेव्हा डोळ्यांत पाणी आणू नका. मोठे दीर रोज गीतेचा दुसरा अध्याय वाचायला लावतात. मी वाचते. मग स्वयंपाकघरात नळ सोडते आणि त्या आवाजात रडून घेते. माझ्यामुळे मुलाला तिकडे त्रास होत असेल का? (एक भगिनी, मिरज)

उत्तर : ताई, आधी तो नळ बंद करा.

काकांनी सांगितलं ते पदरचं नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत तसं वचन आहे. पण ते कुठं येतं तेही पाहायला हवं. दहन झालेलं आहे, तिलांजली दिलेली आहे, माणसं हिरवळीवर बसली आहेत. वडीलधारी मंडळी जुन्या कथा सांगून त्यांचं मन हलकं करताहेत. अशा वेळी ते म्हणतात, रडू नका, आता जमेल तशी क्रिया करा. मग लहान मुलांना पुढं घालून सगळे घरी परततात आणि दारात कडुनिंबाची पानं चावतात. जागचं हलवत नाही अशा माणसांना उठवून घरापर्यंत नेण्यासाठीचं ते वाक्य आहे, असं मी ते वाचतो. आठ महिन्यांनी ओट्याशी उभ्या असलेल्या आईवर नेम धरून ते स्मृतिकारानं लिहिलेलं नाही.

कालिदासालाही ही समजूत ठाऊक होती. रघुवंशाच्या आठव्या सर्गात इंदुमती गेल्यावर अज राजा विलाप करतो, तेव्हा वसिष्ठ शिष्याकरवी त्याला हाच निरोप पाठवतात : आप्तांचे अश्रू मृताला जाळतात. अज ऐकून घेतो. मान देऊन शिष्याला निरोपही देतो. पण तो उपदेश त्याच्या शोकानं भरलेल्या मनात जागा न मिळाल्यानं जणू गुरूकडेच परत गेला, असं कालिदास म्हणतो. दशरथ लहान होता, म्हणून अजानं आणखी आठ वर्षं कशीबशी काढली. यात राजाचं काही चुकलं, असं कवी कुठंही सुचवत नाही. गुरूंचं चुकलं, असंही म्हणत नाही.

आता गीता. दिरांना एवढंच विचारा, की गीता ऐकली कुणी? अर्जुनानं. ती युद्धाच्या पहिल्या दिवशी. तेराव्या दिवशी चक्रव्यूहात अभिमन्यू पडला, तेव्हा हाच अर्जुन, प्रत्यक्ष भगवंताच्या मुखातून दुसरा अध्याय ऐकलेला, पोराच्या नावानं आक्रोश करीत होता. सारथी तोच होता. ‘परवाच तर सांगितलं होतं’ असं त्यानं अर्जुनाला ऐकवलं नाही. त्यानं अर्जुनाला धीर दिला आणि नंतर सुभद्रेकडं जाऊन तिचंही सांत्वन केलं.

त्याच महाभारतात एक अख्खं पर्व रडणाऱ्या बायकांचं आहे. अकरावं, स्त्रीपर्व. अठरा दिवसांनंतरचं कुरुक्षेत्र गांधारीला व्यासांच्या वरानं दिसतं. कुणाची सून कुणाचं धड शोधते आहे, कुणाच्या हाताला कोल्हे लागले आहेत, हे ती एकेक करून कृष्णाला दाखवत जाते आणि शेवटी त्यालाच शाप देते : छत्तिसाव्या वर्षी तुझंही कुळ असंच जाईल. कृष्ण तो स्वीकारतो. पुढच्याच अध्यायात तो तिला ‘ऊठ, शोक आवर’ म्हणतो आणि तुझ्याच अपराधानं हे झालं असंही सुनावतो. ते मला वाचताना खटकतं, पण ते तिथं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. तरीही क्रम बघा. आधी तिचं सगळं बोलून झालं. त्यासाठी व्यासांनी पानंच्या पानं दिली.

मुलाला त्रास होतो का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. ते काकाही सांगू शकत नाहीत. पण दहाव्याला घाटावर तुम्ही उभ्या असाल. पिंडाला कावळा शिवेना की आपण काय करतो? हात जोडून, मोठ्यानं, चारचौघांत गेलेल्या माणसाशी बोलतो. ‘धाकट्याचं शिक्षण आम्ही बघू’, ‘आईला अंतर देणार नाही’. जी परंपरा त्याच्याशी असं बोलायला लावते, ती त्याच्यासमोर रडायला मनाई कशी करील?

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरात तीन पिढ्यांची वारी. गेल्या चैत्रात बायको कॅन्सरनं गेली, फार हाल होऊन. तेव्हापासून माळ खुंटीला आहे. देवापुढं उभा राहतो तेव्हा तोंडातून नामाऐवजी वाईटसाईट शब्द येतात. घरच्यांना वाटतं मी नास्तिक झालो. झालो का? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : गुरुजी, रिकाम्या घराच्या दारावर कुणी धोंडे मारत नाही. आत कोणी आहे याची खात्री असेल तरच माणूस एवढा घसा फोडतो.

आणि वारकऱ्याला हे मी काय सांगायचं! जनाबाई विठ्ठलाला एकेरीवर येऊन शिव्या घालते. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगाच्या नामदेवांच्या अभंगांत शोक आवरलेला नाही. संतमंडळींनी पांडुरंगालाही तिथं रडायला बसवलं आहे. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेले. त्यांच्या गाथ्यात विठ्ठलाशी घातलेला वाद किती आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. समर्थांची करुणाष्टकं आपल्याकडे दिवेलागणीला लहान मुलांकडून म्हणवून घेतात. ती म्हणजे पश्चात्तापानं पोळलेल्या माणसाची काकुळती आहे, हे म्हणवून घेणाऱ्या किती जणांच्या ध्यानात असतं, देव जाणे.

तुम्ही शिक्षक, म्हणून जरा लांबची एक गोष्ट सांगतो. बायबलच्या जुन्या करारात ‘विलापगीत’ नावाचं पाच अध्यायांचं छोटं पुस्तक आहे. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरानं यरुशलेम फोडलं, देवळाची राख केली. त्या उद्ध्वस्त शहरावरचा हा विलाप. भूक, आयांनी केलेलं अघोर, रस्त्यात पडलेली म्हातारी माणसं, सगळं आहे आणि देवाला उद्देशून थेट आरोप आहेत, की तू शत्रूसारखा वागलास. पण गंमत रचनेत आहे. हिब्रू वर्णमालेत बावीस अक्षरं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात बावीस कडवी, प्रत्येक कडवं पुढच्या अक्षरानं सुरू होणारं. मधल्या तिसऱ्या अध्यायात एकेका अक्षराला तीन, म्हणजे सहासष्ट. ज्याचं घरदार जळलं तो माणूस बाराखडी धरून बसला आहे! मला याचा अर्थ असा लागतो की दुःखाला काठ नव्हता, तो त्यानं अक्षरांचा बांधून घेतला. पाचव्या अध्यायातही कडवी बावीसच आहेत, पण तिथं अक्षरांचा क्रम मोडला आहे. का, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला वाटतं, दमला असेल.

शेवटही गोड नाही. तू आम्हाला कायमचं टाकलंस की काय, अशा सुरावर पुस्तक संपतं. सिनेगॉगमध्ये हे वाचताना त्याच्या आधीचं, जरा आशेचं कडवं पुन्हा म्हणून थांबतात. पण शेवटची ओळ खोडण्याचं धाडस कुणी केलं नाही. देवळाच्या नाशाचा हा दिवस, आव महिन्याची नवमी, ज्यू लोक उपास करून, जमिनीवर बसून पाळतात. हे आपल्यापासून फार लांबचं आहे असं समजू नका. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, ते मराठी बोलणारे बेने इस्राएल या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत आले. सामिष टाळायचे दिवस, म्हणून वालाचं बिरडं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शोकाला अलिबागकडच्या वालाचा वास लागला.

तेव्हा गुरुजी, जुनी शंभर पानी वही काढा. ‘क’पासून सुरू करा. प्रत्येक अक्षराला विठोबावरचा एक आरोप लिहा, वाईटसाईट शब्दांसकट. ‘ळ’पाशी अडाल. तिथं काय करायचं ते तुम्ही मुलांना शिकवलेलंच आहे. माळ खुंटीलाच असू द्या. ती हरवलेली नाही.

प्रश्न : आजी वारली तेव्हा पुण्याहून गावी गेलो. आत्या नि चुलत्या तिच्याजवळ बसून हेल काढून रडत होत्या, गाणं म्हणावं तशा. नवीन बाई दारात आली की पुन्हा सुरू. मध्ये थांबून चहाही प्यायल्या. हे मला नाटकी वाटलं आणि तसं मी बोललो. आत्या अजून बोलत नाही. यात खरं दुःख किती? (एक तरुण वाचक, पुणे)

उत्तर : आत्यानं बोलू नये हेच बरोबर आहे. तुम्ही सूर ऐकलात, शब्द ऐकले का? त्या हेलांत आजीनं कुणाकुणाची बाळंतपणं केली, कुणाला दुष्काळात पायली दिली, कोणत्या सुनेला जाच झाला, सगळा हिशोब असतो. आजीचं चरित्र गावात तेवढ्याच वेळी सांगितलं जातं आणि ते सांगणाऱ्या बायकाच असतात.

होमरचं इलियड लढाईच्या जयघोषावर संपत नाही. शेवटच्या, चोविसाव्या सर्गात हेक्टरच्या प्रेतापाशी तिघी आळीपाळीनं विलाप करतात : बायको अँड्रोमाखी, आई हेकुबा आणि जिच्यापायी हे सगळं झालं ती हेलन. बायको पोराचं आता काय होईल ते बोलते. हेलन म्हणते, या घरात यानं मला कधी टाकून बोललं नाही. तुमच्या आत्याही अशाच बोलत असणार. सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण इराकात, उर शहर पडलं त्याला चार हजार वर्षं झाली. त्या शहरावरच्या विलापगीतात तिथली देवी निंगल स्वतः थोरल्या देवांपुढं रडते, आणि ते ऐकत नाहीत. असे विलाप गाणारे पुजारी देवळांतून नेमलेले असत. तमिळनाडूत ओप्पारी आजही गातात. सूर ठरलेला असला की दुःख खोटं ठरत नाही. नाहीतर आरती म्हणणारा प्रत्येक जण खोटा भक्त म्हणावा लागेल.

अथेन्सच्या सोलोननं मात्र सहाव्या शतकाच्या सुरुवातीला, इसवी सनापूर्वीच्या, अशा रडण्यावर कायद्यानं बंधनं घातली. अंग ओरबाडायचं नाही, रचलेले विलाप गायचे नाहीत, परक्याच्या मयताला रडायचं नाही. खर्च नि भपका आवरणं हा त्यातला एक भाग. दुसरा, मला वाटतं, भीतीचा. बायका मढ्यापाशी बसून मोठ्यानं नावं घेऊ लागल्या की जुनी वैरं जागी होतात.

याचा अर्थ मर्तिकातलं जुनं ते सगळं राखावं असा मुळीच नाही. नवऱ्याच्या प्रेतापुढं बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे शोक करणं नव्हे. तो दुसऱ्यांनी तिच्यावर केलेला प्रकार आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात ते बंद करण्याचा ठराव केला. तो आपल्या थोर पुण्याच्या आधी केला, एवढं ध्यानात ठेवा आणि आत्याची माफी मागायला जा. जाताना चहापत्ती न्या.

प्रश्न : दुखवट्याला गेल्यावर काय बोलावं? ‘देवाची इच्छा’ म्हटलं की समोरचा गप्प होतो, पण बरं वाटलेलं दिसत नाही. (एक गृहिणी, मडगाव)

उत्तर : बाई, जुन्या करारातच ईयोबाची गोष्ट आहे. मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं उठली. तिघं मित्र समाचाराला आले. त्याची दशा बघून ते सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एकही शब्द न बोलता. इथपर्यंत त्यांचं वागणं उत्तम होतं. मग त्यांनी तोंड उघडलं. देव न्यायी आहे, तेव्हा तुझंच काहीतरी चुकलं असणार, हे त्यांनी त्याला पुढची कितीतरी पानं पटवून दिलं. ईयोब देवाविरुद्ध तक्रार करीत राहिला. शेवटी देव वादळातून बोलला, ईयोबालाही खडसावलं, पण मित्रांवर जास्त रागावला. त्यानं सांगितलं, की माझ्याविषयी जसं ईयोब नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची वकिली करायला गेले आणि देवानंच त्यांना दंड ठोठावला : सात बैल, सात एडके. वर त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं काम ईयोबाकडं आलं.

ज्यू घरांत आजही रीत आहे, की समाचाराला आलेल्यानं आधी बोलायचं नाही, घरचा माणूस बोलेपर्यंत बसून राहायचं. आपल्याकडे कडू घास नेतात, पिठलं-भात. त्या घरी चूल पेटलेली नसते. तुम्ही डबा न्या, वाढून द्या, खाऊन झालं की भांडी घासून ठेवा. कुणी गेलेल्याबद्दल बोलायला लागलं, तर खाली बसून घ्या.