ओली माती

चाकावर मडकं पुष्कळदा गळ्याशी येऊन बिघडतं. तळ बसलेला असतो, पोट धरलेलं असतं, आणि मातीत राहून गेलेला एखादा खडा बोटाला लागतो. काठ लटपटतो. कुंभार त्या मातीवर चिडत नाही. वर चढवलेलं सगळं दोन्ही तळव्यांनी खाली दाबतो, त्याचा पुन्हा गोळा करतो आणि पुन्हा मधोमध अंगठा घालतो. खडा तेवढा बाहेर निघतो, माती तीच राहते.

यिर्मया संदेष्ट्याला देवाने कुंभाराच्या घरी पाठवलं ते हेच बघायला. त्याच्या पुस्तकातला हा 18वा अध्याय आपण आवडीने वाचतो. पुढचा, 19वा, मात्र घाईने उलटतो. तिथे देव त्याला मातीचं तयार भांडं विकत घ्यायला लावतो आणि हिन्नोमच्या खोऱ्यात वडीलधाऱ्यांदेखत फोडायला सांगतो. ते पुन्हा सांधता येत नाही. एक माती ओली होती, दुसरी भाजून झाली होती.

आपल्याकडे संत गोरोबाकाका कुंभारांची कथा सांगतात. काकांनी हातातल्या थापटण्याने जमलेल्या संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. नामदेव दुखावले, रडत विठ्ठलाकडे गेले. विठ्ठलाने समजूत घातली नाही, औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे, गुरू करायला धाडलं. आणि नामदेव गेले. त्याच नामदेवांची 61 पदं आज गुरुग्रंथसाहिबात आहेत.

ही कथा ऐकल्यापासून कच्चं म्हणवून घेणं मला शिवी वाटत नाही. कच्चं आहे म्हणजे अजून घडवता येतं. मडकं आव्यात कधी घालायचं हे कुंभाराने ठरवायचं असतं. आपण मात्र चाळिशीतच स्वतःला भाजून मोकळे होतो. ‘माझा स्वभावच असा आहे, आता काय बदलणार,’ असं मीही कितीदा म्हटलं आहे. ते म्हणताना आपण नम्र आहोत असं वाटतं, पण खरं तर आपण देवाचा हात बाजूला सारत असतो. माझं काय होऊ शकतं हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे, माझा नाही.

आज दिवसभरात कुणी तुमची चूक दाखवली, आणि ती मनाला लागली, तर लगेच उत्तर देऊ नका. संध्याकाळपर्यंत ती तशीच देवापुढे ठेवा.