गाडी माझी, रस्ता सर्वांचा

आमच्या वडिलांनी १९९४ साली जुन्यात घेतलेली पद्मिनी अजून आमच्या दारात उभी आहे. मॉडेल १९८८चे. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडणे बंद झाले त्याला वीसहून अधिक वर्षे लोटली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. तरीही रविवारी सकाळी मी बॉनेट उघडून बसतो आणि आमची सौभाग्यवती मला ऐकू जाईल अशा बेताने सुस्कारा सोडते.

याला कुणी हौस म्हणतात, कुणी चिकटपणा. खरे सांगायचे तर यात अभिमानाचा भाग मोठा आहे. हिच्या बॉनेटखाली जे दिसते, ते समजते. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट काळवंडले की पॉलिश पेपरने घासावेत, त्यांतले अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असलेले अंतर फीलर गेजने जुळवावे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला की जेट पेट्रोलमध्ये धुऊन फुंकर मारावी. गाडी सुरू झाली की वाटते, शाळेत आपण स्वावलंबनाचे जे धडे देतो, त्यांतला निदान एक तरी आपण गिरवतो.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस? चाके? जू? एकेक भाग म्हणजे रथ नव्हे, आणि भाग वगळून वेगळा रथही नाही. माझ्या गाडीचेही तेच. रेडिएटर, क्लचप्लेट, कार्बोरेटर, आसनांची रेक्झिन, सारे कधी ना कधी बदलले. मग वडिलांची गाडी म्हणून उरले काय? मी मनाशी उत्तर देत असे, तिच्यावर फिरणारा माझा हात. हे उत्तर मला फार आवडत असे. आवडते उत्तर तपासून घ्यावे, हे मी मुलांना सांगतो. स्वतः मात्र विसरलो होतो.

२०१६चा जुलै. मुख्याध्यापक होऊन मला महिनाच झाला होता. मागच्या चाकांचा ब्रेक ढिला वाटला म्हणून मी ड्रम उघडले, व्हील सिलिंडरमधली रबरे बदलली, हवा काढली. नवी रबरे स्वच्छ असावीत म्हणून, कार्बोरेटरच्या सवयीने, ती पेट्रोलमध्ये धुतली. काम झकास झाले असे वाटले. दोन आठवड्यांनी शाळेच्या उतारावर आठवीतला एक मुलगा सायकल घेऊन पुढे आला. मी ब्रेक दाबला. पेडल तळाला गेले. दुसऱ्यांदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा तिच्यात आणि पडलेल्या सायकलीत वीतभर अंतर होते.

माणसे जमली. सगळे म्हणाले, पोरगंच आडवं आलं. दुपारी वडील मुलाला घेऊन शाळेत आले. “सर, तुम्ही होतासा म्हणून वाचलं बघा,” म्हणाले आणि माझ्यासमोर त्याला एक थोबाडीत दिली. मी म्हणालो, “जाऊ द्या, लेकरू आहे.” त्या वेळी ते बोलणे मोठ्या मनाचे वाटले असेल. मला मात्र पेडल आठवत होते.

संध्याकाळी मिस्त्रीने ड्रम उघडले. आतून तेल गळत होते, रबरे फुगून वाकडी झाली होती.

“रबर कशानं धुतलासा, सर?”

“पेट्रोलनं.”

“मग बरोबर. रबराला पेट्रोल चालत नाही सर, फुगतंय. ब्रेक ऑइलनंच पुसायचं असतंय.”

रात्री झोप आली नाही. सकाळी त्या मुलाच्या घरी गेलो आणि चूक माझी होती हे सांगितले. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सर, मग ह्याला मारलेलं काय करू?”

या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता आलेले नाही. मी त्या मुलाची क्षमा मागितली. त्याने मान हलवली, पण आठवीतला मुलगा हेडमास्तरांना दुसरे काय सांगणार?

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की झाली. आपले काम आपण करावे, यात शंका नाही. पण ते बरोबर झाले की नाही, हे आपणच ठरवू नये. उत्तरपत्रिका एका शिक्षकाने तपासली तरी दुसरा तिच्यावर नजर टाकतो. त्यात पहिल्याचा अपमान नसतो. कुणी म्हणेल, मिस्त्रीही चुकतोच की. चुकतो. पण माझ्या कामावर त्याचा जीव जडलेला नसतो, म्हणून मला न दिसलेली चूक त्याला दिसण्याचा संभव अधिक. सरकारी तपासणी आहे, परंतु पंधरा वर्षे झाल्यावर ती पाच वर्षांतून एकदा होते. मधल्या दिवसांची हमी कोण देणार?

कार्बोरेटर बिघडला तर मी रस्त्याकडेला अडकतो, नुकसान माझे. ब्रेक बिघडला तर त्याची किंमत कोण मोजील, हे माझ्या हाती नसते. म्हणून पॉइंट आणि कार्बोरेटर मी आजही एकटाच हाताळतो. ब्रेकही उघडतो, पण जोडून झाल्यावर मिस्त्रीला घरी बोलावतो आणि त्याने हात लावून पाहिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढत नाही. तो चाके खोलून वाकून बघतो, तेवढा वेळ मी परीक्षा देणाऱ्या मुलासारखा शेजारी उभा असतो. वयाच्या पन्नाशीनंतर हे जरा जड जाते. पण त्या थोबाडीतीपुढे ते काहीच नाही.