नळाची वेळ

संक्रांतीच्या आसपासची रात्र. जेवणं आटोपली आहेत. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या भोंग्याचा आवाज वाऱ्यासोबत येतो, मग तोही थांबतो. फिश टँकसमोर पाट ओढा आणि बसा. लगेच काही करायचं नाही. हात मांडीवर राहू द्या.

मासे पाहा. काल काळ्या मॉलीच्या शेपटीवर मिठाच्या कणाएवढा एक पांढरा ठिपका होता. आज तिच्या अंगावर सात आहेत. एंजल वाळूला अंग घासून झटकन वळतोय. गप्पी पंख मिटून कोपऱ्यात थांबलेत. घरात साथ आली आहे.

छातीत धस्स झालं, ते होऊ द्या. ‘चुकलं कुठे?’ हा प्रश्न येईल, तोही येऊ द्या. नवा मासा पिशवीतून थेट टँकमध्ये सोडला. दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायला हवा होता. त्यात जानेवारीच्या पहाटेनं पाणी गार केलं आणि माशांची ताकद कमी पडली. चूक एकदा नीट पाहा. मग तिला खाली ठेवा.

आता पुन्हा त्या ठिपक्याकडे या. तो एका पेशीचा जीव आहे. शौकीन त्याला ‘इच’ म्हणतात. माशाच्याच कातडीचं पांघरूण घेऊन तो आत खात बसलाय. तिथं त्याला औषध लागत नाही. खाऊन पोट भरलं की तो गळून खाली वाळूत जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत दुभंगत राहतो. एकाचे शेकडो, कधी हजारापर्यंत. तिथंही औषध पोचत नाही. मग कवच फुटतं आणि ती पिल्लं पाण्यात पोहू लागतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. मीठ असो की निळं औषध, मार बसतो तो फक्त याच वेळी.

डोळे मिटा. तीन जागा मनात आणा: अंग, वाळू, पाणी. दिसते ती फक्त पहिली. उपाय चालतो तो फक्त तिसरीत.

ही गोष्ट सोलापूरकराला वेगळी शिकवावी लागू नये. आपला नळ काही दिवसांच्या खंडानं येतो, तोही आपल्या सोयीनं नाही. कोरड्या नळावर चिडून पाणी येत नाही. पिंप धुऊन, पाइप लावून, कान उघडे ठेवून झोपावं लागतं. आलं की भरून घ्यायचं. साथीलाही अशी नळाची वेळ असते. ती नेमकी कधी येते ते आपल्याला दिसत नाही, म्हणून औषध पाण्यात आधीपासून हजर ठेवायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे होतील. मॉली पुन्हा काळीभोर दिसेल. घरातलं कुणी म्हणेल, ‘झाले की बरे!’ त्या आनंदासोबत थोडं बसा. इथंच घात होतो. ठिपके गेले नाहीत, वाळूत उतरलेत. औषध आज थांबवलं तर आठवड्यानं हजार होऊन परत येतील. शेवटचा ठिपका नाहीसा झाल्यावरही आठवडाभर उपाय चालू राहू द्या.

आता जरा लांब जा, उजनीपर्यंत. आपल्या नळाचं बरंचसं पाणी तिथल्या धरणातून शंभरएक किलोमीटर पाइपातून येतं. धरणात, नदीत हा जीव असला, तरी पोहणाऱ्या पिल्लाला अफाट पाण्यात मासा शोधावा लागतो. बहुतेकांना तो सापडत नाही. आपल्या चाळीस लिटरच्या काचेत मासा नेहमी वीतभरावरच असतो. रोग तोच, फरक जागेचा. मासे आजारी दिसतात, पण सांभाळायचं असतं सगळं पाणी.

आता हात हलवा, सावकाश. हीटर एक-एक अंशानं, तासातासांच्या अंतरानं ३० अंशांपर्यंत न्या. थंडीत आठवडे घेणारं इचचं चक्र ऊबेत काही दिवसांवर येतं आणि तिशीला त्याची वाढच अडखळते. पण ऊन पाण्यात हवा कमी मावते. मे महिन्यात मासे वर येऊन तोंड उघडतात ते आपण पाहिलंय. म्हणून बबलर मोठा करा. खडे मीठ लिटरला एक ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून, दिवसभरात थोडं थोडं. मिशीवाल्या काही माशांना ते फारसं सोसत नाही, तिथं आणखी जपून. औषध घालणार असाल तर फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तोच औषध पिऊन टाकेल. नळीनं वाळूतला गाळ ओढून घ्या. नवं पाणी पिंपातलं, दिवसभर उघडं ठेवलेलं. त्यातला क्लोरीन उडालेला असतो. खंडानं येणाऱ्या नळामुळे लागलेली साठवणीची सवय इथं कामी येते.

एखादा मासा जाईल. जाळीनं लगेच काढा आणि कुंडीत पुरा. उरलेल्यांना ‘मोकळं जगू दे’ म्हणून सिद्धेश्वर तलावात सोडू नका. ती दया नव्हे, आपली साथ तिथल्या माशांच्या घरी पोचवणं आहे.

जे वाचतील त्यांच्या अंगात या रोगाशी झुंजण्याची थोडी ताकद उरेल. बाहेरून ती दिसणार नाही.

टँकचा दिवा मालवा. बबलरचा आवाज ऐका. ठिपके मोजायचे नाहीत आज. उठताना पिंपाचं झाकण उचलून आत डोकवा: परवाच्या पाण्याची सोय आहे ना?