दिव्याखाली शेवाळ

मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर एका काकांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. वायर, बोर्ड, पंख्याचे कंडेन्सर असं सगळं मिळायचं, पण काकांचा जीव दिव्यांत. गोल, चौकोनी, छतात बसणारे, माळेत लटकणारे, सगळ्या तऱ्हेचे दिवे खोक्यांतून माळ्यापर्यंत रचलेले असत. गिऱ्हाइकाने ९ वॅटचा मागितला तर काका १२ वॅटचा पुढे करत. "घ्या हो, उजेड कधी कुणाला जास्त झालाय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यात लबाडी नव्हती. त्यांच्या स्वतःच्या न्हाणीघरातही रात्री पेपर वाचता येईल एवढा उजेड असायचा.

एका दिवाळीत त्यांना माशांच्या टाकीचं वेड लागलं, तेही माशांमुळे नाही. फोनवर त्यांनी एका टाकीचं छायाचित्र पाहिलं. तळाला चटईसारखी पसरलेली हिरवळ, मधे दोन-तीन दगड, आणि वरून बारीक मासे चाललेले. ती टाकी ताकाशी अमानो या जपानी माणसाची. अमानो (१९५४–२०१५) आधी सायकलच्या शर्यतीतले स्पर्धक, मग छायाचित्रकार, आणि शेवटी काचेच्या टाकीत पाण्याखालचं रान उभं करणारे म्हणून जगभर नावाजलेले. १९८२ साली त्यांनी याच कामाची कंपनी काढली. लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५ मध्ये त्यांनी उभारलेली टाकी ४० मीटर लांब होती. काकांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, २ फूट लांब टाकीला कशीबशी जागा निघाली. लांबी २ फूट, रुंदी आणि उंची १ फूट, म्हणजे साधारण ५५ लिटर पाणी.

रविवारी सकाळी काका स्लो लोकल पकडून कुर्ल्याला गेले. कुर्ल्याचा रंगीत माशांचा बाजार ज्याने पाहिला नसेल त्याने एकदा पाहावा. फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत मासे टांगलेले असतात आणि भाव करायला शाळकरी मुलं बापांपेक्षा पटाईत असतात. काकांनी तळाला पसरणारी वनस्पती मागितली. विक्रेत्याने मॉन्टे कार्लोचे दोन कप काढले. नाव ऐकून कार रेस आठवते, पण ही मूळची अर्जेंटिनाची, मुगाच्या डाळीएवढ्या गोल पानांची वेल.

"सीओटू लावणार ना?" विक्रेत्याने विचारलं.

"लाइट आहे माझ्याकडे. हवा तेवढा."

"लाइट नाही विचारलं, काका."

पण तेवढ्यात मागून कोणीतरी गप्पी मागितले आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

काकांनी तळाला पाणवनस्पतींसाठीची काळी माती म्हणजे अ‍ॅक्वासॉइल घातली. कपातली वेल सोडवून तिच्या बारीक जुड्या केल्या आणि लांब चिमट्याने दोन-दोन, तीन-तीन सेंटिमीटरवर एकेक जुडी रोवली. पाठ धरली, पण काम सुबक झालं. मग पाणी भरलं आणि वर १० वॅटची पट्टी लावली. पुढे पाणी माशांसाठी तयार झाल्यावर सहा निऑन टेट्रा मासे आले. काकूंनीसुद्धा कौतुक केलं, आणि त्या सहजासहजी कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हेत.

पंधरा-वीस दिवस बरे गेले. नंतर पानं पिवळी पडू लागली. काही जुड्या विरघळल्यासारख्या झाल्या, काही मुळासकट सुटून वर तरंगायला लागल्या. काकांनी निदान केलं: उजेड कमी पडतोय. तळापर्यंत पोचत नाही. त्यांनी १० ची २० वॅटची पट्टी केली. मग सकाळी दुकानात जाताना लावलेली पट्टी रात्री झोपताना बंद व्हायला लागली. वेल तशीच राहिली, पण दगडांवर हिरवा थर आला. मग त्या थराला केस फुटले. काकांनी दुसरी पट्टी जोडली. कुणीतरी खत सांगितलं, तेही घातलं. नाताळपर्यंत टाकीत हिरवळ झाली खरी, पण ती सगळी शेवाळाची होती. आत मासे आहेत की नाहीत हे कळायला खाणं टाकून पाहावं लागे.

"महावितरणचं बिल आलंय," काकू एवढंच म्हणाल्या.

घरात काकांची भाची राहायची. कुडाळची मुलगी, मिठागर रोडवरच्या वझे-केळकर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. टाकीबद्दल तिला कोणी काही विचारलं नव्हतं. ज्याला त्यातलं कळतं तो त्याच घरात बसून चहा पीत असतो आणि आपण सल्ल्यासाठी कुर्ल्यापर्यंत जातो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. तिसरी पट्टी आली त्या संध्याकाळी मात्र तिला राहवलं नाही.

"मामा, तू चूल मोठी करत सुटलायस. पातेल्यात तांदूळच नाहीत."

"म्हणजे?"

तिने समजावलं. वनस्पती उजेडाच्या जोरावर अन्न तयार करते, पण ते बनतं कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून. हवेत हा वायू थोडा असला तरी पानाला सतत मिळत राहतो. पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. स्थिर पाण्यात पानाला लागून असलेला वायू संपला की नवीन यायला वेळ लागतो. त्यात मॉन्टे कार्लोसारखी तळाला राहणारी वेल वर जाऊन हवा गाठू शकत नाही. उजेड वाढवला की तिची भूकही वाढते, म्हणजे जे कमी होतं ते आणखीच कमी पडतं. आणि वेलीने न वापरलेला उजेड, न वापरलेलं खत वाया जात नाही. शेवाळाचं थोडक्यात भागतं, ते दोन्ही उचलतं.

"हे जुनं आहे, मामा. श्प्रेंगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये मांडलं, आणि १८४० च्या सुमारास लीबिगने ते सगळीकडे पोचवलं. पीक किती येणार हे जे सगळ्यात कमी आहे त्यावर ठरतं. बाकीचं कितीही ओत."

काकांना पटलं नाही. वीस वर्षं ज्याने उजेड विकला त्याला उजेडाने बिघाड होतो हे एका संध्याकाळी कसं पटावं? ते म्हणाले, "अगं, पण मी काही कमी केलंय का? आहे ते सगळं दिलं."

तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अहो, तेच तर. तुमच्या दुकानात जे भरलंय ते तुम्ही देत गेलात. तिला काय कमी पडतंय ते बघितलंत का?"

बोधकथेत तात्पर्य शेवटी सांगायची रीत आहे. पण काकूंनी ते इथेच सांगून टाकलं, त्यामुळे मीही इथेच लिहितो: आपल्याकडे जे जास्त आहे ते देण्याआधी समोरच्याला काय कमी आहे ते पाहावं. काकांना हे त्या संध्याकाळी पूर्ण कळलं असं म्हणता येणार नाही. ते जरा रागावले आणि जेवायच्या आधीच एक चक्कर मारून आले. पण परत आल्यावर त्यांनी भाचीला विचारलं, "मग आता काय घालू?"

"घालू नकोस. पाणी काढ."

भाचीने कुडाळचं सांगितलं. भाताच्या खाचरात चार पानांची एक बुटकी वनस्पती असते. मार्सिलिया तिचं शास्त्रीय नाव, आणि टाकीवाले तीही तळाला लावतात. खाचरात पाणी असलं की ती पाण्यात असते, पण खरी पसरते ती पाणी उतरल्यावर, ओल्या चिखलात. यातल्या बऱ्याच वनस्पती अशा दोन्हीकडे जगणाऱ्या. चिखल ओला आणि पानं हवेत, असं ठेवलं तर वायूचा प्रश्नच उरत नाही, आणि पाणीच नाही म्हटल्यावर पाण्यातलं शेवाळही जोर धरत नाही.

मासे टबात गेले. टाकी रिकामी केली, दगड घासले, माती बदलली, वेलीचे नवे दोन कप आले. या खेपेला माती फक्त ओली केली, वर पाणी आलं नाही. जुड्या लावल्यावर टाकीच्या तोंडाला क्लिंग रॅप ताणून बसवला, आत दमटपणा टिकायला. रोज एकदा रॅप उघडून थोडी हवा द्यायची, नाहीतर बुरशी येते, आणि स्प्रेने दोन फवारे मारायचे. बास.

आणि वर पट्टी कोणती लावली? तीच, २० वॅटची. तीसुद्धा दिवसाला दहा तास. भाची म्हणाली, "आता लाव मामा, आता चालेल." ज्या उजेडाने शेवाळाचं रान माजवलं होतं त्याच उजेडात वेलीने दुसऱ्या आठवड्यात धुमारे सोडले. एका जुडीचा धुमारा दुसरीला भेटला, पेऱ्यापेऱ्यावर मुळं उतरली, आणि साधारण सहा आठवड्यांत माती दिसेनाशी झाली. काका रात्री दुकान बंद करून आले की आधी चपला काढायच्या ऐवजी टाकीशी वाकायचे. मला या कथेत सगळ्यात आवडतो तो हाच भाग. दिवा चुकीचा नव्हता, हे काकांना कुणी सांगावं लागलं नाही.

होळीच्या आसपास पाणी भरायचं ठरलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते आदल्या दिवशीच बादल्यांत काढून ठेवलं. माती उखडू नये म्हणून तळाला ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडली. नवी अ‍ॅक्वासॉइल सुरुवातीला अमोनिया सोडते, म्हणून मासे लगेच टाकले नाहीत. आधी काही वेळा पाणी बदललं. पट्टी सहा तासांवर आणली, कारण पाण्याखाली गेल्यावर तोच जुना तुटवडा पुन्हा सुरू होणार होता. तो भरायला भाचीने एक बाटली तयार केली: दोन लिटरच्या बाटलीत दोन वाट्या साखर, कोमट पाणी, वर थोडी जागा सोडून पाव चमचा ड्राय यीस्ट. झाकणातून नळी एका लहान बाटलीत, म्हणजे फेस आला तर तिथेच अडावा, आणि तिथून टाकीत. यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. बिअर न पिणाऱ्या घरात बिअरसारखा वास नको म्हणून काकूंनी बाटली बाल्कनीजवळ सरकवायला लावली. आठवड्याभरात दुपारी उजेड असताना पानांवर बारीक बुडबुडे दिसू लागले. तो पानांनी सोडलेला ऑक्सिजन. शेजारची मुलं ते बघायला यायची.

पुढचा धडा कात्रीचा होता. चटई बोटभर जाड झाली तेव्हा काका खूश, पण भाची कात्री घेऊन आली. जाड थरात वरची पानं खालच्यांवर सावली धरतात, खालचा भाग कुजतो आणि एक दिवस सगळी चटई मातीपासून सुटून वर येते. म्हणजे आता खाली खरोखरच उजेड कमी पडत होता! काका क्षणभर पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच कात्री मागितली. वरून दुसरी पट्टी लावली असती तरी त्या खालच्या पानांपर्यंत काही पोचलं नसतं.

मे महिन्यात टाकीचं पाणी ३१ अंशांवर गेलं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि उकाड्यात बाटलीतलं यीस्ट दुप्पट उत्साहाने कामाला लागतं. यीस्टला रात्री बंद करायचं बटण नसतं, आणि रात्री वनस्पतीही ऑक्सिजन घेतातच. एका पहाटे सहाच्या सहा टेट्रा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. भाची सुट्टीला कुडाळला गेलेली. काकांनी आधी कपाटातल्या खताच्या बाटलीकडे हात नेला, मग थांबले. माशांकडे नीट पाहिलं. यीस्टची नळी काढली आणि हवेचा पंप लावला. नंतर पाण्यावर वारा लागेल असा छोटा पंखा लावला. बाष्पीभवनाने पाणी दोन अंशांनी उतरलं, रोज तांब्याभर पाणी वाढवावं लागलं एवढंच. फोन करून त्यांनी भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, तुला कसं कळलं?" काका म्हणाले, "विचारलं मी त्यांना."

जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आठवड्यात, दुकानात एक बाई आल्या. स्वयंपाकघरात फार अंधार होतो, म्हणाल्या, आहे त्यापेक्षा मोठा दिवा द्या. काकांचा हात सवयीने वरच्या खोक्याकडे गेला आणि मधेच थांबला.

"सध्या केवढ्याचा आहे?"

"१५ चा."

"त्याच्यावरचं कव्हर कधी पुसलंय?"

बाई विचारात पडल्या.

"ताई, फोडणीचं तेल बसतं त्याच्यावर. आज घरी जाऊन साबणाच्या पाण्याने पुसा. तरी अंधार वाटला तर उद्या या, मी देतो."

बाईंनी काकांकडे असं पाहिलं की दुकानदारीतून यांचं मन उडालंय की काय. मग "बरं" म्हणून उतरल्या, आणि दोन गाळे सोडून पलीकडच्या दुकानातून २० वॅटचा घेऊन गेल्या.