पंचाची जागा

खुनाच्या ठिकाणी पोलीस पोचतात तेव्हा गुन्हा घडून गेलेला असतो आणि खटला उभा राहायचा असतो. मधल्या काही तासांत जे टिपले जाईल, मोजले जाईल, पाकिटात घालून लाखेच्या मोहोरेखाली बंद होईल, त्यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालणार असतो. न्यायाधीश त्या खोलीत सहसा पाऊल टाकत नाहीत. आरोपीचा वकील तिथे नसतो, कारण अनेकदा आरोपीच ठरलेला नसतो. त्या वेळी पोलीस आणि प्रयोगशाळेच्या माणसांखेरीज आणखी दोघे आत उभे असतात. त्यांना या तपासातून काहीही मिळवायचे नसते, काही लपवायचेही नसते. ते पंच.

हा लेख त्यांच्याविषयी आहे. ज्युरी गेल्यानंतर आपल्या फौजदारी न्यायव्यवस्थेत सामान्य नागरिकाला उरलेली ही जवळपास एकमेव जबाबदारीची जागा आहे, आणि ती आपण सर्वांनी मिळून ओस पाडली आहे, असे माझे मत आहे.

ज्युरी का गेली हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्युरीवरचा विश्वास आधीच ढासळत होता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. गुन्हा शाबीत झाला की नाही हे ठरवण्यातून नागरिक बाहेर पडला. पुरावा मिळाला तेव्हा हजर राहण्याचे काम मात्र त्याच्याकडेच राहिले.

त्या संहितेच्या कलम १०० ने घरझडतीची रीत घालून दिली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच रीत कलम १०३ मध्ये आहे. झडतीपूर्वी त्या परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे. तिथे कोणी मिळाले नाही किंवा यायला तयार झाले नाही, तरच दुसऱ्या भागातले घ्यायचे. झडती त्यांच्या समक्ष व्हायची, जप्त वस्तूंची यादी तिथेच करून त्यांच्या सह्या घ्यायच्या. घरमालकाला किंवा त्याच्या माणसाला झडतीभर हजर राहू द्यायचे आणि यादीची प्रत द्यायची. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यतेची पूर्ण बूज राखून घ्यायची. ही रीत मुळात बंद जागेच्या झडतीसाठी आहे, पण घटनास्थळाच्या पंचनाम्यालाही ती रूढीने लागू झाली आहे.

पंचनाम्याची भाषा अनेकांना रुक्ष वाटते. मला ती आदर वाटावा इतकी नेटकी वाटते. सुरुवातीला पंचांची नावे, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण. कोणी बोलावले, कशासाठी, किती वाजता सुरुवात झाली. मग जागेची चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचे घर. दार कुठल्या दिशेला उघडते, कडी आतून होती की बाहेरून, दिवा चालू होता की बंद. प्रेताचे डोके कुठल्या दिशेला, भिंतीपासून किती अंतरावर. शेवटी संपल्याची वेळ, आणि मजकूर वाचून पाहिला, तो आमच्या समक्ष घडल्याप्रमाणे बरोबर आहे, अशा अर्थाचे वाक्य. घरझडतीला आत शिरण्यापूर्वी पोलिसांनी स्वतःची आणि पंचांची अंगझडती घरमालकाला देऊ करायची असते. आत जाताना यांच्या खिशात काही नव्हते हे आधी नोंदले गेले, तरच बाहेर येताना हातात असलेली वस्तू त्या घरातली ठरते.

अशीच एक नोंद मातीची. जमिनीवर रक्त सांडले असेल तर रक्तमिश्रित माती एका पाकिटात घेतात आणि त्याच जागेजवळची साधी माती दुसऱ्या. साध्या मातीत काहीच सापडायचे नसते आणि म्हणूनच ती लागते. प्रयोगशाळेला जे दिसले ते रक्तामुळे की मुळात त्या मातीतच होते, हे तिच्याशी ताडल्याशिवाय कळत नाही. रक्ताचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचे नाहीत. ओल आत कोंडली की रक्त कुजते, म्हणून ते सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचे. सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, नकारार्थी आला की लोक प्रयोगशाळेला दोष देतात. दोष कधी कधी पिशवीचा असतो.

घटनास्थळाच्या शोधाची आखणी याच क्रमाने चालते. पहिल्या पोचलेल्या हवालदाराने जखमीला मदत द्यायची, मग दोरी बांधायची, आत-बाहेर करायला एकच वाट ठेवायची आणि त्या वाटेने कोण गेले ते लिहायचे. हात लावण्याआधी छायाचित्रे, मग मोजमाप आणि नकाशा, मग वस्तू. जे आधी नष्ट होईल ते आधी उचलायचे. खोली असेल तर तिचे भाग पाडून एकेक भाग एकेकाकडे द्यायचा. उघडे माळरान असेल तर माणसांची ओळ करून पट्ट्यापट्ट्याने चालायचे, आणि बारीक वस्तू शोधायची तर त्याच जागी आडवे पट्टेही मारायचे. हे अवघड नाही, फक्त गर्दीत, दुःखात, वरिष्ठांचे फोन येत असताना आणि बाहेर कॅमेरे लागलेले असताना करावे लागते.

ते न केल्याने काय होते, हे २००८ च्या मे महिन्यात नोएडात देशाने पाहिले. एका किशोरवयीन मुलीचा खून तिच्याच घरात झाला. पहिल्या दिवशी घरात शेजारी, नातेवाईक, पत्रकार अशी रीघ लागली. गच्चीच्या दाराला कुलूप होते. ते त्या दिवशी उघडले गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गच्चीवर घरातल्या नोकराचे प्रेत मिळाले. आदल्या दिवशी संशय त्याच्यावर होता. पुढे मुलीच्या आईवडिलांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. खरे काय घडले याबद्दल लोकांच्या मनात आजही दोन तट आहेत. पण पहिल्या दिवशी गच्चीचे कुलूप उघडून, पायऱ्यांवर कोणाला न चढू देता, दोन पंचांसमोर ते सगळे टिपले असते, तर इतक्या तर्कांना जागा उरली नसती. ते एक कुलूप उशिरा उघडल्याची किंमत अनेक कुटुंबांनी दिली, असे मला वाटते: मारल्या गेलेल्या दोघांची, आणि सुरुवातीला संशयित म्हणून धरून नंतर सोडून दिलेल्या माणसांचीही.

आता घरझडतीकडे. घटनास्थळावर पोलिसांना सहसा बोलावलेले असते. संशयिताच्या घरी ते बिनबोलावता जातात, म्हणून तिथे कायदा जास्त कडक आहे. वॉरंटसाठी थांबलो तर वस्तू हातची जाईल, असे तपासी अंमलदाराला वाटले तर तो विनावॉरंट झडती घेऊ शकतो. पण त्याला असे का वाटले, आणि तो नेमके काय शोधायला चालला आहे, हे शक्य तेवढे त्याने आधी लेखी नोंदवायला हवे. जुन्या कलम १६५ मध्ये ही अट होती आणि नव्या कलम १८५ मध्येही आहे. त्या नोंदीची प्रत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे जाते, आणि नव्या कायद्याने त्यासाठी ४८ तासांची मर्यादा घातली आहे. कोयता शोधायला निघालेला अधिकारी जुनी पत्रे चाळत बसला तर ही नोंद त्याच्याविरुद्ध बोलते.

ही नोंद न करताच झडती घेतली तर? इथे आपला कायदा अमेरिकेपासून स्पष्टपणे वेगळा होतो. तिथे १९६१ च्या मॅप खटल्यापासून बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही बाद होतो. १९७८ च्या मिन्सी खटल्यात तर खून घरात झाला म्हणून त्या घराची दिवसेंदिवस विनावॉरंट झडती घेता येत नाही, असेही ठरले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये म्हटले की झडती बेकायदा असेल तर घरमालक तिला विरोध करू शकतो आणि न्यायालय तो पुरावा अधिक बारकाईने पाहील, पण तेवढ्याने जप्ती रद्द होत नाही. पूरणमल खटल्यात ही भूमिका पक्की झाली. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क संशयिताला सांगावाच लागतो, असे १९९९ मध्ये घटनापीठाने बलदेवसिंग खटल्यात बजावले.

आपण पुरावा फेकून देत नाही, हा नियम मला एका अर्थी पटतो. शिपायाच्या चुकीसाठी खुनी मोकळा का सुटावा? पण मग एक गोष्ट अपरिहार्य होते. बेकायदा झडतीला आपल्याकडे दारावर कोणी अडवत नसेल, तर आत काय झाले हे खरेपणाने सांगणाऱ्या माणसावर सगळा भार येतो. पंच बनावट असेल तर आपल्या व्यवस्थेत दुसरी फळी जवळजवळ नाही.

आणि पंच बनावट असतो, हे न्यायालयात उठबस असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ठाण्याच्या आसपासचा टपरीवाला, रिक्षावाला, एखाद्या जुन्या प्रकरणात पोलिसांच्या उपकारात असलेला माणूस. तोच पंच वेगवेगळ्या गुन्ह्यांत सही करतो आणि उलटतपासणीत बचावाचा वकील त्याच्या जुन्या साक्षींची यादी वाचून दाखवतो. दुसरा प्रकार फितूर पंचाचा. पोलिसांनी सही घेतली, आत काय लिहिले होते माहीत नाही, असे तो सांगतो. पंचनामा स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. ज्याच्या समक्ष तो झाला, त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन तो सांगावा लागतो. पंच फिरला की कागद लंगडा पडतो.

यावर एक उत्तर असे की मग पोलिसांवरच विश्वास ठेवावा. २००० साली दिल्लीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेच आहे की पोलिसाच्या साक्षीकडे सुरुवातीपासून अविश्वासाने पाहण्याची वृत्ती जुनी झाली, आता ती सोडायला हवी. प्रामाणिक अधिकाऱ्याला हा न्याय मिळायलाच हवा. पण त्याच न्यायालयाने २०१३ मध्ये मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात पंचनाम्याचा हेतू सांगितला तो झडती घेणाऱ्यांच्या संभाव्य लबाडीला आळा घालण्याचाच. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत. चांगल्या अधिकाऱ्यालाही पंच हवा असतो, कारण पाच वर्षांनी बचावाचा वकील ‘हे तुम्हीच ठेवलेत’ असे म्हणेल तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारा दुसरा कोणी नसतो.

हे सर्वांत जास्त दिसते ते निवेदन पंचनाम्यात. ‘हत्यार कुठे लपवले ते दाखवतो’ असे आरोपी कोठडीत म्हणतो, आणि ते हत्यार सापडते. पोलिसांसमोरची कबुली आपला कायदा मानत नाही. फक्त जेवढ्या बोलण्यामुळे वस्तू सापडली तेवढे बोलणे पुराव्यात येते. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही रेघ ओढली, आणि ती आजच्या साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. सुरी छपरात खोचली हे चालते, त्या सुरीने भोसकले हे चालत नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पंचांना आधी ठाण्यात बोलवा, आरोपीचे बोलणे त्यांच्यासमोर, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि मग सगळे मिळून निघा. पंचांना परस्पर विहिरीपाशी बोलावून सुरी दाखवली तर त्यांनी सुरी पाहिली, शोध पाहिला नाही.

नव्या संहितेने या जागी कॅमेरा आणला आहे. कलम १०५ प्रमाणे झडती, जप्ती, यादी आणि सह्या हे सगळे मोबाईलसारख्या साधनाने चित्रित करून चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे, हे कलम १७६ मध्ये आले आहे आणि ते अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. या तरतुदींचे मी मनापासून स्वागत करतो. पण कॅमेरा बटण दाबल्यानंतरचेच सांगतो. तो सुरू होण्याआधी कपाट कोणी उघडले, हे सांगायला माणूसच लागतो. चित्रणात पंच दिसला तर तो खरोखर तिथे होता हे सिद्ध होईल, हा त्याचा मोठा फायदा. म्हणजे कॅमेऱ्यामुळे पंचाची किंमत वाढली पाहिजे. प्रत्यक्षात उलट होईल, ‘चित्रण आहे ना, मग पंच कोणीही चालेल’ असे होईल, ही माझी भीती आहे.

सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून बोलावण्याची पद्धतही रुळली आहे. ते फितूर होत नाहीत, हे खरे. पण एल्गार परिषद प्रकरणात २०१८ मध्ये पुण्याहून महापालिकेचे कर्मचारी पंच म्हणून दूरच्या शहरांत नेले गेले, तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या भिन्नमतात त्यावर बोट ठेवले. बहुमताचा निर्णय वेगळा होता आणि तपास चालू राहिला. तरी कायद्याने ‘त्या परिसरातले’ असे का म्हटले, हा प्रश्न उरतोच. शेजारी त्या घराला ओळखतो. कपाट कुठे असायचे, कुलूप कोणते होते, हे त्याला कळते. पाहुण्या पंचाला सगळेच नवे असते.

शेजारी येत का नाही? त्याची कारणे खरी आहेत. समन्सवर समन्स येतात, दिवसाची मजुरी बुडते, तारीख पुढे ढकलली जाते, आणि आरोपी त्याच गल्लीत राहतो. सबळ कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणे गुन्हा आहे, पण धमकीने आणलेला पंच कोणाच्याच कामाचा नाही. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि नव्या संहितेच्या कलम ३९८ ने ती करणे राज्यांवर बंधनकारक केले. साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून नोंदवण्याची सोयही आली आहे. ती पंचांना आधी मिळाली पाहिजे, तालुक्याच्या ठिकाणी, एकाच तारखेत, आणि बुडालेल्या दिवसाचा भत्ता त्याच दिवशी हातात. पंचनाम्याची एक प्रत पंचालाही द्यावी, म्हणजे पाच वर्षांनी त्याला पोलिसांच्या आठवणीवर विसंबावे लागणार नाही. आणि ज्याला उद्या दारावर थाप पडून बोलावणे येईल, त्याला एवढे माहीत असावे: जे पाहिले नाही त्यावर सही करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, मजकूर वाचून घेण्याचा, चुकीची ओळ दुरुस्त करायला लावण्याचा हक्क त्याला आहे, आणि कोऱ्या कागदावर सही मागितली तर नाही म्हणून तिथेच उभे राहायचे असते.