फुटलेले पेले कोण मोजणार?

जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने 1932 च्या ग्रंथात मुलांपुढे एक पेच ठेवला. दाराआड ठेवलेले पंधरा पेले एकाकडून नकळत फुटले, दुसऱ्याकडून चोरून खाऊ काढताना एकच. जास्त वाईट कोण? लहान मुले पेले मोजतात, मोठी झाली की हेतू पाहतात. आपणही ‘भाव तसा देव’ म्हणतो. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्गने 1958 पासून नैतिक विचाराच्या पुढच्या पायऱ्या मांडल्या: शिक्षेची भीती, लोकांची पसंती, कायदा आणि फार थोड्यांना गाठता येणारे कायद्यापलीकडचे तत्त्व.

गोव्यातल्या साखळी-डिचोलीच्या खाणपट्ट्यात मात्र हेतू पाहून भागत नाही. ट्रकमालकाने खनिज वाहणाऱ्या ट्रकसाठी कर्ज काढले ते पोरे शिकावीत म्हणून, ड्रायव्हरने खेपा मारल्या त्या पगारासाठी. शेत बुडवावे असे कुणाच्याच मनात नव्हते, तरी पावसात खाणीच्या डंपची लाल माती ओहोळांतून उतरून भातशेतीत बसली. कायद्याला विचारावे, तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये सांगितले की खाणींच्या लीजची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती. बिनदिक्कत मारलेल्या खेपा मागाहून बेकायदा ठरल्या! म्हणून मला वाटते, नैतिक प्रौढपण हेतूपाशी संपत नाही. माणसाला पुन्हा पेले मोजायला शिकावे लागते.

हा पोरकटपणाच नाही का? नाही. मूल मोजते ते मार कुणाला द्यायचा हे ठरवायला, प्रौढाने मोजायचे ते भरपाई कुणी करायची हे ठरवायला. आपल्या धर्मशास्त्रानेही अजाणता घडलेल्या पापाला प्रायश्चित्त सांगितले आहे. सौम्य, पण माफ नाही. दुसरा आक्षेप जड आहे: ज्याचे पोट खाणीवर, त्याने हा विचार करायचा कसा? कोलबर्गने सुरुवातीला तपासलेले मुलगे दहा ते सोळा वर्षांचे होते, त्यांच्या डोक्यावर बँकेचे हप्ते नव्हते. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगनने 1982 मध्ये कोलबर्गला सुनावले, की आपल्या माणसांच्या काळजीला त्याने खालची पायरी दिली. ट्रकमालकाची काळजी मीही खालची मानणार नाही. फक्त ज्याच्या शेतात माती बसली, त्यालाही पोरे आहेत. खाणमालकांवर सगळा दोष ढकलणे सोपे आहे, पण तसे केले की आपला वाटा मोजायचा राहून जातो.

2014 च्या त्याच निकालात न्यायालयाने कुणाचा हेतू न तपासता लोहखनिजाच्या विक्रीतले दहा टक्के कायम निधीत टाकायला सांगितले.